अजून उंच हाय

"अजून उंच हाय," चंद्रव्वा म्हणाल्या आणि पायरीवर टेकवलेला पाय त्यांनी पुन्हा जमिनीवर घेतला.

मुबीननं हातातला पाना खाली ठेवला. मागच्या खेपेला त्यानं दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांचा एकेक पाटा काढून टाकला होता. गाडी चांगली चार बोटं बसली होती.

"चढून तर बघा, अव्वा. मी हात देतो."

"तिच्या गुडघ्यांना जमत न्हाय," मृत्युंजयअप्पांनी उत्तर दिलं. बायकोच्या वाटचं तेच बोलायचे. "अजून उतरवा, मुबीनभाई. फक्त कमी खर्चात बसवा की."

गाडी म्हणजे जुनी मॅटाडोर. अप्पांनी ती भंगारातून उचलली होती आणि तिचं फिरतं घर केलं होतं. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना जाड पडदे. अक्कलकोटकडचं राहतं घर विकून आता दोघांनी गाडीतच राहायचं, असा त्यांचा बेत होता.

"पोरंबाळं न्हाईत. मागं इचारणारं कोण न्हाय," अप्पा हसून म्हणाले.

"नवे पाटे घडवायचे तर खिसा फाटेल," मुबीन म्हणाला. "आहेत त्यांचीच कमान उतरवतो. मग चाकांचा आस आणि पाट्याच्या मधे लोखंडी ठोकळे घालू. स्वस्तात होईल. धक्के मात्र बसतील."

"बसू देत."

काम सुरू झालं. अप्पा सावलीला खुर्ची टाकून बसले. चंद्रव्वा मात्र चाकाशेजारी उकिडव्या बसून राहिल्या. ठोकळा कसा बसतो, नट कुठं आवळतात, सगळं टक लावून बघत होत्या.

मुबीन घाम पुसायला उठला, तेव्हा त्याचं लक्ष बाजूच्या दाराकडं गेलं. दाराला बाहेरून कडी होती.

"ही कशाला, अप्पा?"

"चालत्या गाडीत दार उघडतं. म्हातारी पडायची."

चंद्रव्वांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा चाकाकडं.

जेवताना मुबीननं ही गोष्ट बायकोला, जाहिदाला सांगितली. "गुडघे दुखणारी बाई तासभर उकिडवी बसेल का? तिला त्या गाडीत चढायचंच नाही. घाबरलीय ती त्याला."

जाहिदानं भाकरी वाढता वाढता हात थांबवला. "जिनकू बैठना नै, उनकू तुम कायकू बिठारे जी?"

त्यानंतर मुबीनचं कामात मन लागेना. अक्कलकोट रोडवर गॅरेज टाकल्यापासून त्यानं नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली होती, पण ही गाडी फाटकातून आत आली की तो आधी त्या कडीकडं बघायचा. ठोकळे घातले, तरी चंद्रव्वांचं तेच. पायरीवर पाय, क्षणभर थांबणं, मग मागं. "अजून उंच हाय." अप्पा मग त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाजूला घ्यायचे. जरा जास्तच घट्ट धरायचे.

शेवटी लहान चाकं घालायचं ठरलं. त्या दिवशी अप्पा समोरच्या टपरीवर चहाला गेले, तसा मुबीन चंद्रव्वांजवळ आला.

"अव्वा, जायचं नसेल तर सांगा. गाडी अशी बिघडवतो, की महिनाभर हलायची नाही. म्हणाल तर पोलिसांत येतो तुमच्याबरोबर."

त्यांनी मान वर करून त्याच्याकडं बघितलं. डोळे अगदी कोरडे होते.

"नगं बाबा. तुमी चाकं घाला."

चाकं घातली. गाडी जमिनीला पोट टेकल्यासारखी दिसायला लागली. मुबीननं अप्पांना बजावलं, "आता जॅकसुद्धा सरळ जात नाही. पंक्चर झालीच, तर खाली आडवं पडून लावावा लागेल. कच्च्या रस्त्यानं नेऊ नका."

"उजनीच्या काठाला तर चाललोय. तितं कच्चाच रस्ता हाय. पण शांत असतंय. माणूस नसतंय."

चंद्रव्वा गाडीजवळ आल्या. वाकून त्यांनी गाडीच्या खाली बघितलं, पदर सावरला.

"आता बरुबर हाय," म्हणाल्या, आणि आत जाऊन बसल्या.

अप्पांनी दार लोटलं, बाहेरून कडी घातली. गाडी फाटकाच्या उंबऱ्यावर खरवडत बाहेर पडली. मागच्या खिडकीचा पडदा जरासा सरकला. चंद्रव्वा मुबीनकडं बघत होत्या. गाडी वळेपर्यंत तो तसाच उभा राहिला. त्या बाईला अडवून धरणारी एकच गोष्ट होती, आणि ती त्यानं आपल्या हातानं बोटाबोटानं उतरवली होती.

पुढं कितीतरी दिवस तो सकाळी पेपर उघडला की धरणाकाठच्या बातम्या आधी बघायचा. पाण्यात बाई सापडली, असं कुठं येतंय का ते बघायचा. जाहिदा त्याच्याशी धड बोलत नव्हती.

मग एका दुपारी फाटकाशी ओळखीची खरवड ऐकू आली. मॅटाडोर आत शिरली. अंगावर चिखल वाळलेला, पडदे सगळे ओढलेले. बाजूच्या दाराची कडी तशीच बाहेरून घातलेली. काचेवर ऊन होतं. आत एकच माणूस दिसत होतं. मुबीननं मोठा पाना उचलला आणि पुढं झाला.

ड्रायव्हरकडचं दार उघडलं. चंद्रव्वा एका उडीत खाली उतरल्या.

मुबीननं पाना खाली घेतला. "अव्वा! तुम्ही चालवत आलात? बऱ्या आहात ना?"

"बापाचा ट्रॅक्टर चालवत व्हते की मी."

"आणि अप्पा?"

"काठावर पंक्चर झाली. जॅक लावाया खाली आडवे झाले, आन् जॅक सरकला." दूध उतू गेलं म्हणावं, तशा त्या म्हणाल्या आणि किल्ली मुबीनच्या तळहातावर ठेवली. "चाक मीच बदललं. आता पयल्यासारखी उंच करून द्या, मुबीनभाई. माझं काम झालं."