सतराव्या वर्षाचं माप

"अजून जपून ठेवलंयस?" प्रमिलानं पलंगावरून हात पुढे केला.

कुंदानं ब्लाउजचं खाकी कागदाचं कटिंग उलगडून मैत्रिणीच्या छातीवर हलकेच ठेवलं. शिवणक्लासात सतराव्या वर्षी तिनं ते प्रमिलाच्या मापानं कापलं होतं. काखेपाशी प्रमिलानं पेन्सिलीनं काढलेली मैना अजून होती. मग लग्नं झाली, बाळंतपणं झाली, अंगं भरली, आणि कागद ट्रंकेच्या तळाशी गेला.

आता तो पुन्हा तंतोतंत बसत होता. आजारानं प्रमिलाच्या अंगावर काही ठेवलंच नव्हतं.

"बघ कुंदे, झाले की नाही बारीक? तू मात्र भोपळाच."

"गप गं, सटवे," म्हणत कुंदानं पिशवीत टेप शोधायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

"ब्लाउज हिरव्या खणाचा शिव. आणि आत जादा कापड सोडू नकोस. उसवून सैल करायची वेळ आता कुठली यायला?"

"बरं," कुंदा म्हणाली.

घरी तिनं हिरव्या खणावर कागद मांडला, त्याच्या कडेनं खडूची रेघ ओढली. मग नव्या नवरीच्या ब्लाउजला सोडतात तसं, रेघेबाहेर चांगलं तीन बोटं कापड सोडून तिनं कात्री लावली.