बोटभर उतार

पांढुर्ण्याचा मंगेश आणि सौंसरचा रोशन, दोघंही पैसे लावून पूल खेळणारे आणि एकमेकांचे पक्के वैरी. पण पांढुर्ण्यात रोशन एकदाही जिंकला नव्हता. तिथलं टेबल खिडकीकडे जरासं कललेलं होतं आणि तो उतार मंगेशच्या हातात मुरला होता. तो नेम बोटभर बाजूला धरायचा, बॉल आपोआप पॉकेटमध्ये जायचा.

आज पाच हजारांच्या मॅचमध्ये मात्र त्याचा एकेक बॉल बोटभरच चुकत गेला. शेवटचा काळा बॉल रोशनने सरळ मारला आणि तो सरळ आत गेला.

"टेबलाले काय केलं बे तू?"

"सकाळी आलो होतो, तर तू नव्हता. टेबल कललेलं दिसलं. चौघांकडून उचलून घेतलं अन् पायाखाली कागद सरकवला."

मंगेश तणतणत खाली वाकला. टेबलाच्या पायाखालून जाड कागदाचं हळदकुंकू लावलेलं टोक बाहेर आलं होतं. त्यावर रोशनच्या अक्षरात लिहिलं होतं: 'श्री. मंगेश, सहकुटुंब.'

"माह्या लग्नाची पत्रिका द्यालेच तं आलो होतो," जिंकलेले पाच हजार खिशात घालत रोशन म्हणाला. "रविवारी जेवाले ये. आहेर पोचला."