अर्धा कोयता

“राधाकिशन आन् शिवकन्या, एक कोयता!” धुळाजी मुकादमाने बोट मुडपले, आणि ओट्याच्या कडेला बसलेल्या त्रिंबकाच्या बशीतला चहा त्याच्या मांडीवर सांडला.

वडवणीजवळच्या त्या गावात ऊसतोडीला जाणारी माणसे अशीच मोजली जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. यंदा एकाही कोयत्याने हंगाम अर्ध्यावर सोडला नाही, म्हणून मुकादमाने टोळीला समुद्र दाखवण्याचे कबूल केले होते. टेम्पोने राजपुरीपर्यंत जायचे आणि तेथून शिडाच्या होडीने जंजिऱ्याच्या बेटावर. होडीत कोणी कोणाशेजारी बसायचे, एवढेच आता ठरायचे होते.

त्रिंबकाने हंगाम केला नव्हता. उसाच्या ट्रॉलीवरून पडून त्याचा खुबा मोडला, तेव्हापासून तो काठीच्या आधाराने वावरत होता. लागोपाठ दोन हंगाम त्याची बायको शिवकन्या एकटी तोडीला गेली. मुकादमाने तिच्या अर्ध्या कोयत्याला सिरसाळ्याच्या राधाकिशनाचा अर्धा कोयता जोडून दिला. राधाकिशन विधुर होता आणि धिप्पाड होता. डोक्यावर उसाची मोळी घेऊन तो हलत्या फळीवरून ट्रकवर असा चढे, की आजूबाजूची माणसे हातातले काम थांबवून पाहत राहत. हे त्रिंबकाला शिवकन्येनेच फोनवर सांगितले होते. ती सांगे तेव्हा त्याला ते ऐकवत नसे. ज्या दिवशी सांगत नसे, त्या दिवशी ती काय लपवते आहे, या विचाराने तो त्याहून अधिक बेचैन होई.

ती परतली तेव्हा तिच्या कोयत्याची मूठ बदललेली होती. जुनी मूठ त्याने लग्नाच्या वर्षी बाभळीचे लाकूड घासून केली होती. घरात कोणी नसताना त्याने नवी मूठ धरून पाहिली. ती त्याच्या हाताला लहान पडली. म्हणजे तिच्या हातात ती नेमकी बसत असणार. ते नेमकेपण त्याला सहन झाले नाही.

आणि परवा तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. मुकादमाकडे मुक्कामाला आलेला राधाकिशन हातपंपावर शिवकन्येशी बोलत होता. “वैनी, होडी हालती, पायऱ्या बी वल्ल्या असत्यात. मी उचलून नेतो की! मोळीपरीस का जड हाय?”

शिवकन्या हसली होती. “पर लोकांदेखत लई लाज वाटंल, भाऊ.”

‘वैनी’ आणि ‘भाऊ’ हे दोन्ही शब्द तेव्हापासून त्रिंबकाला वरून घातलेल्या पांघरुणासारखे वाटू लागले होते.

“मुकादम,” आता तो काठी टेकून उभा राहिला, “बायको माझी आन् कोयता त्याचा, ह्यो कुठला हिसाब?”

“बस बे खाली. फडातली मोजणी हाय ती,” धुळाजी हसत म्हणाला. “होडीत का ऊस तोडायचाय?”

“तेच म्हनतो मी. ऊस न्हाई, मग जोडी कावून लावता? का तितं बी कुनाला मोळी उचलायचीय?”

‘मोळी’ हा शब्द ऐकताच राधाकिशनाने मान खाली घातली. त्रिंबकाला तेवढा पुरावा पुरला.

“माझी बायको येनार न्हाई. तुमचा अर्धा कोयता तुमीच मिरवा!”

बायकांच्या घोळक्यातून शिवकन्या उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हते.

“न्हाईच येनार मी,” ती म्हणाली. “मुकादम, माझी जागा ह्यांना द्या. आजच सांगनार व्हते तुमाला.”

त्रिंबकाने आधी तिच्याकडे पाहिले, मग हातातल्या काठीकडे. “मला? त्या हालत्या होडीतून मी उतरू कसा?”

शिवकन्येने राधाकिशनाकडे पाहिले. राधाकिशन उठला, त्रिंबकासमोर आला, त्याच्याकडे पाठ करून उकिडवा बसला आणि मान न वळवताच म्हणाला, “चढा दादा, वजन तर बगू द्या. वैनी म्हनत्यात, तुमाला लाज वाटंल. म्हनलं, आजवर इतक्या मोळ्या उचलल्या, एकीला बी लाजताना पायलं न्हाई!”

ओट्यावर हशा पिकला. त्रिंबक हसला नाही. ज्या बोलण्याने त्याची झोप उडवली होती, त्यात कोणाला उचलायचे आणि लाज कोणाला वाटायची, हे कोणी म्हटलेच नव्हते. शिवकन्येचे नाव त्याने आपल्या पदरचे घातले होते. समोरच्या त्या रुंद पाठीकडे त्याने पाहिले. मग त्याने काठी भिंतीला टेकवली.

“आन् तू?” त्याने शिवकन्येला विचारले. “तुला बगायचा न्हाई समुद्र?”

“दोन सालं झाली,” ती म्हणाली, “मीच भाईरून येते आन् मीच सांगते. आता एक डाव तुमी भाईरून या. मी दारात बसून ऐकते.”