गोठ्यातला उपवास

लांडग्याने परातीतील भाकरी हुंगली आणि मान फिरवली. शिवगंगाबाईंनी परात पुन्हा पुढे सरकवली.

"खावा की हो. रेशनच्या जवारीची हाय, पण गूळ घातलाय."

लांडगा त्यांच्या मुखाकडे पाहत बसला. सदर लांडगा हा त्यांचा पती वीरण्णा होता आणि आज त्याच्या उपवासाचा दुसरा दिवस होता.

ही व्याधी वीरण्णाला मिसरूड फुटल्यापासून जडली होती. चाकूरजवळच्या त्या गावाला ती ठाऊक होती. फेफरे येणाऱ्या माणसाविषयी बोलावे, तितकेच गाव तिच्याविषयी बोले. दर एकोणतिसाव्या दिवशी त्याला ताप भरे. तो दोन घागरी पाणी पिई. मग हाडे ओल्या वेतासारखी लवचीक होत. अंगठा मनगटाकडे सरके, जबडा पुढे येई, सर्वांगावर केस उगवत. वजन मात्र तसूभरही बदलत नसे. माणूस अठ्ठावन्न किलोचा, म्हणून लांडगाही अठ्ठावन्न किलोचा; माळावरच्या लांडग्याच्या तिप्पट. आतडेही माणसाचेच राही, म्हणून भाकरी पचे. तीन दिवस तो गोठ्यात काढी. चौथ्या दिवशी हाडे परत फिरत. त्या फिरण्यास फार बळ लागे आणि ते बळ तीन दिवसांच्या अन्नातूनच येई.

सासूबाई शरणम्मा हयात होत्या तोवर चिंता नव्हती. त्यांच्या हातचे तो चाटूनपुसून खाई. यंदा संक्रांतीस त्या वारल्या. त्यानंतरच्या चारही खेपांना त्याने अन्नाला तोंड लावले नाही. वजन एकोणपन्नासवर आले. मागील खेपेस माणसांत परतताना डाव्या हाताची दोन बोटे वाकडी ती वाकडीच राहिली. या खेपेस पाठीचा कणा राहिला तर?

शिवगंगाबाईंनी प्रथम दुष्काळास दोष दिला. म्हैस आटली होती. ज्वारी किडकी मिळत होती. अखेर त्यांनी लिंगायताच्या घरात कधी न घडलेली गोष्ट केली. पदराआड लपवून खाटकाकडून मटण आणले. वीरण्णाने तेही हुंगले आणि मान फिरवली. त्याने घराण्याचा आचार राखला, असे वाटून त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्या भ्याल्या.

लातूर जिल्हा वेगळा होऊन तेव्हा वर्ष होत आले होते. नव्या जिल्ह्याबरोबर गुरांच्या दवाखान्यात श्रीपादराव नावाचे नवे डॉक्टर आले होते. ते गावच्या चारा छावणीत आल्याचे कळताच शिवगंगाबाई भर उन्हात गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या. वाटेत त्यांनी काहीही लपवले नाही. डॉक्टरांनी गोठा पाहिला, तांब्याभर पाणी मागून घेतले आणि ते पिऊन झाल्यावरच ते वीरण्णाच्या जवळ बसले. त्यांनी दात पाहिले, पोट चाचपले, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या.

"आजार काहीच नाही. भूक कडकडून लागली आहे. लाळ बघा कशी गळते."

"मंग खात काहून न्हाईत?"

"सासूबाई जेवू घालायच्या तेव्हा काय करायच्या?"

"काय करनार? हितंच बसायच्या. त्यांना साखरेची बिमारी. गोळी घेतली की लगेच खावं लागायचं. म्हणून आधी आपलं उरकायच्या, मंग ह्यांच्याफुडं ताट."

"आणि तुम्ही कधी जेवता?"

शिवगंगाबाई ओशाळल्या. "हे आसं काय इचारता, डाक्टरसाब? मालक जेवल्याबिगर बाईमानूस जेवतंय का? ह्या तीन दिसांत मी बी नुसत्या पान्यावर असते."

डॉक्टरांनी परात शिवगंगाबाईंच्या पुढ्यात सरकवली.

"बाई, कळपात म्होरक्याने खाल्ल्याशिवाय बाकीचे तोंड लावत नाहीत. आधी सासूबाई होत्या. आता हा तुमची वाट बघतोय."

"मी म्होरकी?" त्यांना हसू फुटले. लगोलग डोळ्यांत पाणी आले. "लोक ऐकतील तर काय म्हनतील? मला न्हाई जमायचं."

"गोठ्यात लोक नाहीत," डॉक्टर म्हणाले आणि छावणीकडे निघून गेले.

शिवगंगाबाईंनी हातपाय धुतले, इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केली आणि वीरण्णासमोर मांडी घातली. भाकरीचा तुकडा तोंडात घातला. तो काही केल्या उतरेना. त्यांनी तो पाण्याबरोबर गिळला. मग दुसरा घेतला, तिसरा घेतला. अर्धी भाकरी संपली तेव्हा वीरण्णाने कान मागे पाडले, पोट जमिनीला घासत तो पुढे आला आणि त्याने परातीत तोंड घातले. त्याने सात भाकऱ्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी त्याचा कणा काठीसारखा सरळ झाला.

पुढच्या आठवड्यात थोरले दीर महादेवप्पा मुरुडहून दोन पाहुण्यांसह आले. पुरुषांची पंगत बसली. शिवगंगाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. पाहुण्यांनी जेवण सुरू केले. वीरण्णा हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

"आरं वीरण्णा, जेव की! मुहूर्त बघून राहिलास का?" महादेवप्पा म्हणाले आणि पाहुणे हसले.

"भूक तर लई लागलीय, अण्णा," वीरण्णा गोंधळून म्हणाला. परंतु त्याचा हात ताटाकडे जाईना. काय अडले आहे, हे त्याला स्वतःलाही उमगत नव्हते. त्याची नजर चुलीकडे लागली होती.

शिवगंगाबाईंनी क्षणभर दिरांकडे पाहिले. मग त्यांनी पिठाचे हात झटकले, आपले ताट वाढून घेतले, त्या पुरुषांच्या पंगतीत येऊन बसल्या आणि त्यांनी घास तोंडात घातला.