पासष्टाच्या खाली

"साठ," बसवराज म्हणाला. दांडीवरची नजर त्यानं वर उचलली नाही.

दानम्मा काट्यावरून उतरली. मागच्या सोमवारी एकसष्ट होते, त्याच्या मागच्या सोमवारी त्रेसष्ट. तुरीची पोती घेऊन आलेले शेतकरी भिंतीला टेकून बसले होते. औशाच्या त्या आडतीत सोमवारी आधी मालकिणीचं वजन होई, मग माल काट्यावर चढे. नवरा गेल्यापासून वीस वर्षं ती आडत तिनं तोंडाच्या जोरावर चालवली होती. आता गादीवर लेक बसवराज बसत असला तरी मालकीण तीच.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, ऐंशीवरून पासष्टावर या. दानम्मानं गूळ सोडला, भाकरी अर्धी केली आणि डॉक्टरला रोज दोन्ही वेळेला शिव्या दिल्या. साल दुष्काळाचं होतं. लोकं फुकटात वाळून राहिलेत अन् मी फी देऊन, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. संक्रांतीला पासष्ट झाले. डॉक्टरच्या काट्यावरही पासष्ट, आडतीतही पासष्ट. डॉक्टर म्हणाला, आता पोटभर जेवा. किलोभर इकडंतिकडं होईल, मग वजन आपोआप थांबेल. पण जेवूनही उतरतच राहिलं तर घरी बसू नका, तडक या.

ती पोटभर जेवली आणि वजन उतरत राहिलं.

निलंग्याची थोरली बहीण लक्ष्मम्मा अशीच गेली होती. खात होती अन् वाळत होती, चार महिन्यांत खेळ आटपला. दानम्मानं शिव्या देणं बंद केलं, तेव्हा सून गंगम्मा तिच्या ताटात जास्तीची भाकरी वाढायला लागली. एका दुपारी सासूनं ट्रंक उघडून हिरवं इरकल लुगडं वर काढून ठेवलं. माझ्या अंगावर हेच घाला, एवढंच म्हणाली. बसवराजच्या कानावर गेलं. वयामानानं होतं अव्वा, एवढं आईला बोलून तो कामाला लागला.

साठ भरले त्या सोमवारी दानम्मा काट्यावरून उतरली ती घरी गेलीच नाही. गंगम्माला घेऊन सरळ लातूरच्या एसटीत बसली. जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. कचेऱ्यांच्या नव्या पाट्या, दुष्काळी कामं मागणाऱ्यांची गर्दी, तिला काहीच दिसलं नाही. ती मनात चार महिने मोजत होती.

डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं. पाहिलं. उतरवून पुन्हा उभं केलं.

"पासष्ट," तो म्हणाला.

दानम्मा म्हणाली, तुझं यंत्र बिघडलंय. आमच्या काट्यावर सकाळी साठ भरले, अख्ख्या औशाची तूर मोजतो तो. डॉक्टर चिडला नाही. त्यानं विचारलं, संक्रांतीनंतर बांगड्या ढिल्या झाल्या का? तिनं हात हलवला. बांगड्या मनगटावर होत्या तशाच बसलेल्या. चोळी? तीही तशीच.

"वजन थांबलंय, आजी," डॉक्टर म्हणाला. "तुम्हाला काही झालेलं नाही."

गंगम्मा रडायला लागली. दानम्माच्या तोंडावर आनंद दिसेना. तिचा जन्म धान्यात गेला होता. संक्रांतीला दोन्ही काटे जुळत होते. ती तेवढीच होती, मग पाच किलो काट्यानं खाल्ले होते. तिचे खाल्ले तसे दर पोत्याचे खाल्ले. आणि एका दिवसात नाही. तुरीचा माल यायला लागल्यावर आधी किलोभर. कुणी बोललं नाही म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी. काट्याचा पेच बसवराजशिवाय कुणाच्या हातात नव्हता. आईच्या वजनापुरता तो लोकांसमोर फिरवून परत जागेवर आणता येत नव्हता आणि आईला सांगता येत नव्हतं. म्हणून लेकानं दर सोमवारी आईला तिचं मरण वाचून दाखवलं होतं.

परतीच्या एसटीत ती मनात पोती मोजत होती.

आडतीत पोहोचली तेव्हा नरसिंग नावाच्या शेतकऱ्याचं शेवटचं पोतं काट्यावर होतं. तिनं ते उतरवायला लावलं, स्वतः चढून बसली आणि बसवराजला बाजूला व्हायला सांगितलं. मापाडी मलप्पाला म्हणाली, तू वाच.

मलप्पानं वाचलं. साठ.

बसवराज वाकून हळूच म्हणाला, "अव्वा, घरात चल. लोकं हायेत."

"लोकं हायेत म्हणूनच हितं बसले," दानम्मा म्हणाली. "पान्हा आण."

त्यानं पान्हा आणला. सगळ्यांच्या देखत पेच फिरवायला लागला. एकसष्ट. त्रेसष्ट. मलप्पा आकडे मोठ्यानं वाचत होता, शेतकरी उठून काट्याभोवती उभे राहिले होते. पासष्टावर दांडी सरळ झाली. दानम्मा खाली उतरली, पदर खोचला आणि नरसिंगकडं वळली.

"संक्रांतीपासनं कमी भरलेलं सगळं माप ज्याचं त्याला भरून मिळंल. अन् उद्यापासनं रोज सकाळी आधी मी बसणार. मी पासष्ट भरल्याबिगर ह्या काट्यावर कुणाचं पोतं चढायचं न्हाई."