गाठींचं काय करायचं

डॉक्टरबाई बोलत होत्या आणि तिचं अर्धं लक्ष खुर्चीकडे होतं. रक्ताचा डाग पडला असेल का? बस चालवताना दर थांब्यावर तिला हाच घोर असायचा. गेल्या आठवड्यात तर भर चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडीत चाळीस माणसं. तिने कशीबशी बस कडेला घेतली. डेपोने तिला घरी बसवलं. तपासणीत हिमोग्लोबिन सात निघालं आणि गर्भाशयात तीन गाठी.

शेजारी आई बसली होती. बसली म्हणजे काय, सारखी चुळबुळत होती. घरून निघाल्यापासून तिचं एकच पालुपद: पिशवी काढून टाक, एक घाव दोन तुकडे, मी नव्हती का काढली, काय बिघडलं माझं? लेक छत्तिशीची. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. तिला मूल हवं होतं, हे माहीत असूनही आईचा हेका सुटत नव्हता.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. या गाठी कॅन्सरच्या नव्हेत, कितीतरी बायकांना असतात. आधी रक्त भरून काढू. मग गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात ठेवता येतो. गाठींचा रक्तपुरवठा तोडून त्या सुकवता येतात. पिशवीच काढली तर प्रश्न कायमचा मिटतो. नाहीतर नुसत्या गाठी काढून पिशवी राखता येते; त्या पुन्हा होऊ शकतात, पण मूलही होऊ शकतं.

"हे नुसत्या गाठी काढायचं नवीन निघालंय का?" आईने मध्येच विचारलं.

"नाही हो, जुनंच आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीही करायचे."

आईची चुळबुळ थांबली. डॉक्टरबाईंनी लेकीला विचारलं, तुम्हाला काय हवंय? नुसत्या गाठी काढा, ती म्हणाली, आणि आता आई तोंड सोडणार म्हणून अंग चोरून बसली. आई मात्र कागदावरच्या त्या चित्राकडेच बघत होती.

बाहेर आल्यावर आईने तिच्याकडे बघितलंही नाही. रागावली असणार, असं वाटून लेक तिची समजूत काढू लागली. आईने तिचा हात घट्ट धरला.

"एकोणतीसची होते मी. तुझ्या पाठीवर अजून एक हवं होतं मला," ती म्हणाली. "दुसरा इलाजच नव्हता, असं आजवर मनाला समजावत आले गं."