भाजलेले दार

जिन्यातली आग विझली, तेव्हा अग्निशामक दलाचा अंबादास स्वतःच्याच दारापुढे उभा होता. आत पत्नी वत्सला होती. माती मिसळलेल्या प्लास्टिकचे ते दार तिनेच हट्टाने बसवले होते. त्याने मात्र त्याला काडेपेटी म्हणून हिणवले होते. ज्वाळांनी वरचा थर खाल्ला होता. पण त्यातल्या मातीचे, चौकटीसकट भाजून, अखंड कवच झाले होते. त्याने दारावर टिचकी मारली. तडा असता तर आवाज बद्द आला असता. दार पक्क्या मडक्यासारखे खणखणले.

आतून वत्सला ओरडली, "अहो, मडकं विकत घ्यायला आलात का? वाजवत काय बसलात? फोडा!"

अंबादासने कुऱ्हाड उचलली. एखादे दार फोडणे प्रथमच त्याच्या जिवावर आले.